सुजाताची खीर

खीर किती करायची यावरून सकाळी सातलाच वाद झाला. हिवाळे मंडळींच्या घरातला वाद मूळ मुद्द्यावर कधी राहत नाही, हे धाड गावात कुणालाही विचारा.

"वीस लिटर दूध कायले?" प्रेमानंद म्हणाला. "लोक पिक्चर पाह्याले येऊन राह्यले, पंगतीले नाही."

"पिक्चर पाह्याले तू येऊन राह्यला," तानाबाई खिरीचं मोठं भांडं, गंज, घासता घासता म्हणाली. "लोक माह्या पोरीच्या पुण्यानुमोदनाले येऊन राह्यले."

प्रेमानंद तिचा थोरला. पन्नाशीचा मास्तर, वर्गात साठ पोरं एका नजरेत बसवणारा. पण आईपुढे त्याचा मुद्दा आजवर एकदाही टिकला नव्हता. बरं, तिच्याशी वाद घालताना हळू पुटपुटायचीही सोय नाही. तानाबाईला ऐकू येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर सुरुंग उडायचे, तेव्हापासून कान जात जात पुरते गेले. पण समोरच्याच्या ओठांवरून ती सगळं ओळखते, आणि जे तिच्यापासून लपवायचं असतं ते तर सगळ्यांत आधी ओळखते. तिच्या धाकट्या लेकाच्या, चंद्रशेखरच्या टीव्हीवरच्या मालिकेत एक सासू मुलाच्या प्रेतावर पडून रडत होती. वस्तीतल्या बाया डोळे पुसत होत्या आणि तानाबाई हसत सुटली. "ते रडून नाही राह्यली बाप्पा, 'पंखा लावा, पंखा लावा' म्हणून राह्यली!" चंद्रशेखरनं मुंबईत चौकशी केली. खरंच निघालं. बाई उकाड्यानं हैराण झाली होती आणि रडणं नंतर वरून भरलं होतं.

तर त्या चंद्रशेखरचा सिनेमा आज बाराला टीव्हीवर लागणार होता. 'खडीफोड'. आणि तो सुजाताचा होता.

सुजाता म्हणजे या घरातलं पहिलं लेकरू. प्रेमानंदच्याही आधीचं. अकरा महिन्यांची असताना तलावाच्या कामावर वारली, आणि संध्याकाळी भरावाच्या पलीकडे तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी तानाबाई पुन्हा खडी फोडायला हजर. ना वंदना झाली, ना चार माणसं तिच्याबद्दल बोलली. तिचा फोटो नाही, कागद नाही, एक टोपडंही नाही. राहिलं होतं फक्त नाव. तेव्हा वस्तीतल्या पोरींची नावं धोंडी, कडूबाई अशीच असायची. माणिकरावांनी, तेव्हा ते पंचविशीतले होते, पुस्तकात वाचून बुद्धाला खीर देणाऱ्या मुलीचं नाव आपल्या लेकीला ठेवलं. लोक हसले. त्यांनी घरोघर जाऊन ते नाव लोकांकडून म्हणून घेतलं.

ती कशी गेली हे तानाबाईनं बावन्न वर्षांत एकाच माणसाला सांगितलं, धाकट्या चंदूला, म्हणजे चंद्रशेखरला. बाभळीला बांधलेल्या झोळीतली पोर दुपारनंतर रडायची थांबली. बायांनी सांगितलं, झोपली. तानाबाईला बरं वाटलं, की आज खडी जास्त फुटेल. ती दिवस मावळेपर्यंत फोडत राहिली. हे सांगून झाल्यावर ती म्हणाली होती, "तुले लिवायचं त लिव. पण तिचं नाव तेच ठेव. दुसरं काही मांगत नाही मी." चंदूनं आईच्या हातात हात देऊन शब्द दिला होता.

म्हणून आज तिचं पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसासाठी वंदना करून त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा विधी, आणि म्हणून वस्तीतल्या बाया पांढरी पातळं नेसून येणार होत्या. आणि म्हणून खीर.

*

मागच्या पडवीत वेलदोडे सोलत दोघी बसल्या होत्या. एक धम्मशीला, घरातली एकुलती लेक. म्हणजे लोक एकुलती म्हणत. ती स्वतः कधी म्हणाली नाही. देऊळगाव राजाला सरकारी दवाखान्यात नर्स. दुसरी पायल, प्रेमानंदची मुलगी, वय चोवीस. दोन वर्षांपासून मुंबईत काकाच्या हाताखाली काम करत होती आणि परवाच आली होती. आल्यापासून धड जेवली नव्हती.

"पोटात दुखते का तुह्या?"

"नाही, आत्या."

"मंग अशी काऊन बसली? तुह्या काकाचा आज एवढा मोठा दिवस."

पायलच्या हातातला वेलदोडा खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि वाकूनच राहिली. "आत्या, नाव बदललं," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"सुजाताचं."

धम्मशीला हसली. तिला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे. मग पायल रडत रडत बोलत गेली. सिनेमा दोन वर्षं पडून होता. एकाही थिएटरनं लावला नाही. शेवटी एक चॅनल तयार झालं, पण अटीवर. घर कुणाचंही वाटलं पाहिजे, अमक्यांचं असं दिसायला नको. भिंतीवरची तसबीर काढली. 'जय भीम'च्या जागी 'रामराम' आलं. बाप पाटीवर लेकीचं नाव लिहितो तो प्रसंग कापला. आणि सुजाता हे नाव नको, त्यावरून कळतं, म्हणाले. पुन्हा शूटिंग होण्यासारखं नव्हतं, म्हणून स्टुडिओत बसून आईचं काम करणाऱ्या बाईच्या तोंडी दुसरं नाव भरलं. बाई तीच, चित्र तेच, ओठ तेच. आवाज फक्त नवा.

"कोणतं नाव?"

"तुळजा."

धम्मशीलानं हातातलं सूप खाली ठेवलं. आईबापानं देवीदेवता घराबाहेर काढल्या त्याला साठ वर्षं होत आली होती.

"ते मीच शोधलं, आत्या. सुजाताच्या ओठावर बसन असं नाव काकानं मले शोधाले लावलं. 'तुळजा गं' बरोब्बर बसते. सगळे म्हणाले, पोरगी हुशार हाये." ती डोळे पुसत म्हणाली. "मले तवा लय भारी वाटलं व्हतं."

धम्मशीलाला पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. चंदूनं डी.एड. सोडून नाटकाच्या मागे मुंबई गाठली, तेव्हा बापाच्या शिव्या हिनंच खाल्ल्या होत्या. प्रेमानंद वर्षानुवर्षं म्हणत आला, की तो फक्त स्वतःचा आहे, तेव्हा हीच भांडत आली. आता ती वेलदोडे तसेच टाकून उठली.

*

चंद्रशेखर जालन्याला रेल्वेतून उतरून भोकरदनमार्गे गाडीनं आला, तेव्हा दहा वाजले होते. धाडच्या स्टँडवर त्याचाच फोटो लावलेला फ्लेक्स होता. 'धाडचे सुपुत्र, सुप्रसिद्ध लेखक-निर्माते.' खाली प्रेमानंदचं नाव, शुभेच्छुक म्हणून. दादानं कधी तोंडावर एक चांगला शब्द काढला नाही आणि फ्लेक्स मात्र वीस फुटी लावला. 

पंचवीस वर्षं त्यानं टीव्हीसाठी लिहिलं होतं. दुसऱ्यांच्या मालिकेत संवाद लिहून हात झिजवला, मग स्वतः निर्माता झाला. अकराशे भाग त्याच्या नावावर होते. 'अकराशे भागांत एक माणूस आपल्यासारखा जेवला नाही,' असं प्रेमानंद म्हणायचा, आणि ते खरं होतं. म्हणून तर त्यानं 'खडीफोड' केला. एक तरी आपलं. गौप्यस्फोट कुठे ठेवायचा, कुणाच्या तोंडी द्यायचा, कुठल्या वाक्याला जाहिराती लावायच्या, हे त्याला झोपेतही कळायचं. आणि आईला फोन करून नाव बदलल्याचं एक वाक्य सांगायला त्याला चार महिन्यांत जागा सापडली नव्हती.

दारात माणिकराव उभे होते. अठ्ठ्याहत्तरी उलटली तरी कणा ताठ, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला निळा पेन.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. थकला दिसते." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "वाच बरं. शुद्धलेखन पाह्य. पिक्चर झाल्यावर बोलणार हावो मी."

कागदावर ठळक अक्षरात पहिलं वाक्य होतं: 'आज आमच्या सुजाताचे नाव उभ्या महाराष्ट्राने ऐकले.'

चंद्रशेखरनं तेवढंच वाचलं. "बरोबर आहे, बाबा," तो म्हणाला आणि कागद परत दिला.

गोठ्याशी धम्मशीला त्याची वाट पाहत होती. जवळ पायल मान घालून उभी. चंद्रशेखरला विचारायची गरज पडली नाही.

"खरं हाये?" धम्मशीलानं विचारलं.

"हो."

"कोणाले इचारलं तू?"

"अक्का, नाव धरून बसलो असतो तर सिनेमा कुणी पाहिलाच नसता. डब्यात कुजला असता. आता निदान आईची गोष्ट तरी लोकांपर्यंत जाते आहे."

"कोणाच्या आईची?" धम्मशीलाचा आवाज चढला. "तसबीर नाही, जय भीम नाही, पोरीचं नाव तुळजा. हे माही माय व्हय? ते कोणती बाई हाये, चंदू? अन् आपल्या घरात पुण्याची भाषा नको बोलू माह्यासंग."

"मी नऊ वर्षं दिली या सिनेमाले." तो आपोआप घरच्या बोलीवर आला. "नऊ वर्षं, अक्का. तुले काय वाटते, मले झोप लागली?"

"तुह्या झोपेचं मले नको सांगू. मायनं तुले दोन गोष्टी देल्ल्या. एक तिनं कोणालेच सांगतली नव्हती अन् दुसरी तिच्यापाशी तेवढीच व्हती. पह्यली तू वापरली अन् दुसरी इकली."

चंद्रशेखर घराकडे वळला. धम्मशीलानं त्याची वाट अडवली.

"बाराच्या आत तिले सांग. तुह्या तोंडानं. नाही त मी सांगते."

"कोणी काही सांगणार नाही." मागून आवाज आला. प्रेमानंद वैरणीच्या आडोशाला किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. धम्मशीलाला वाटलं, आता हा धाकट्याला सोलून काढणार. पंचवीस वर्षं याच दिवसाची वाट पाहत होता हा. पण प्रेमानंदनं पायलला विचारलं, "ओठ तेच हायेत म्हणाली ना तू?"

"हो, बाबा."

"कुठी लिहून आलं का ते दुसरं नाव? पडद्यावर?"

"नाही."

"मंग झालं. मायले सुजाताच दिसन."

"अन् आख्खी वस्ती?" धम्मशीला म्हणाली. "वस्तीले कान हायेत ना! तीनशे लोक ऐकतीन. अन् बाबा? बाबायले ऐकू येते."

"बाबाचं मी पाह्यतो."

"तू त याच्या नावानं जल्मभर बोटं मोडली, दादा. आज याले झाकून राह्यला?"

"याले नाही झाकून राह्यलो." प्रेमानंद भावाकडे न बघताच बोलत होता. "माय सकाळी पाचले उठून गंज घासून राह्यली. आजवर तिनं माह्या एका वाढदिवसाले गोड केलं नाही, कारण त्या दिवशी तिले पह्यली आठवे. आज खीर करते म्हणते. करू दे. याचा हिशोब मंग पाहू, मायच्या माघारी पाहू."

असं हिवाळ्यांचं घर तासाभरात उलटंपालटं झालं. भावाची बाजू घेणारी बहीण त्याच्या विरुद्ध गेली आणि त्याच्यावर सदा कावलेला भाऊ त्याच्या मागे उभा राहिला. चंद्रशेखरला दोन्हींचा सारखाच त्रास झाला. "मी सांगतो आईला," तो म्हणाला आणि चुलवणाकडे निघाला.

*

खिरीचा गंज तीन दगडांवर चढला होता. तानाबाई पातळाचा पदर खोचून लांब पळीनं ढवळत होती. लेकाला पाहून तिनं पळी न सोडता दुसऱ्या हातानं त्याचा चेहरा चाचपला.

"वाळला बाप्पा तू. बस. धूर लागन, इकडून बस."

तो बसला. लाकडं ओली होती, धूर वर न जाता अंगणातच फिरत होता.

"म्या मनकर्णालेबी सांगतलं, शेषरावच्या घरीबी सांगतलं," तानाबाई म्हणाली. "तवा हे सगळे व्हते कामावर. ते मनकर्णाच म्हणली व्हती मले, झोपली म्हणून. तिचा काय दोष? पण पुढं कधी माह्यासमोर पोरीचं नाव नाही काढलं कोणी. मले वाईट वाटन म्हणून. बावन वर्षं झाले, म्या कोणाच्याच तोंडावर ते नाव नाही पाह्यलं, चंदू. तुह्या बापाच्याबी नाही. आज पाहीन."

चंद्रशेखरनं खाली जाळाकडे पाहिलं. मान खाली घालूनच त्यानं सगळं सांगून टाकलं. शब्द मोडला, असं म्हणाला. नाव बदललं, तुळजा केलं, सही माझीच आहे, कुणी हात धरून करून घेतली नाही, मी घाबरलो, सिनेमा फुकट जाईल म्हणून घाबरलो.  आयुष्यात इतकं सरळ तो कधी बोलला नव्हता आणि लिहिलं तर नव्हतंच.

बोलणं संपलं तेव्हा तानाबाई डोळे चोळत होती.

"काय म्हणतं रे? धुरात काही दिसत नाही मले. इकडे तोंड करून बोल."

त्यानं मान वर केली. आई त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती, तोंडावर हसू, जणू आता काहीतरी चांगलंच ऐकायला मिळणार. मान खाली घालून बोललो तर तिला कळणार नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. चोरी करून आला की तो असाच खाली बघून कबूल करायचा आणि सांगितलं होतं म्हणायचा.

"खिरीचा वास लय चांगला येऊन राह्यला, माय," तो म्हणाला.

"मंग! साजूक तूप टाकलं," तानाबाई म्हणाली आणि पुन्हा ढवळायला लागली.

*

वस्तीतल्या बुद्धविहारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. प्रेमानंदनं मंडपवाल्याकडून मोठा पडदा आणि आवाजाचे दोन खोके आणले होते. आधी मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील झालं. पांढऱ्या पातळांच्या रांगांत सगळ्यांत पुढे तानाबाई. तिच्या डाव्या हाताला मनकर्णाबाई, जिला आता धड चालवतही नव्हतं. पुरुषांत पुढे माणिकराव, शेजारी त्यांचे चळवळीतले जुने जोडीदार शेषराव.

प्रेमानंद बापाला 'बाबा, जरा बाहेर या' असं दोनदा म्हणाला. "काही असन ते मंग," म्हणून माणिकरावांनी त्याला बसवलं. बारा वाजले.

सिनेमा चांगला होता. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे वस्तीत कुणी ते कबूल केलं नाही. तलावाचा भराव, उन्हात चमकणारी खडी, बाभळीची झोळी, सगळं तसंच. माणिकरावांचे पाय त्या उन्हात पुन्हा भाजले. पडद्यावरच्या घरात तसबीर दिसली नाही तेव्हा ते जरा पुढे सरकून शोधू लागले. एक माणूस दुसऱ्याला 'रामराम' म्हणाला. शेषरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. माणिकरावांनी मान हलवली: थांब, असन काही कारण.

मग पडद्यावरची बाई झोळीपाशी वाकली. लेकराच्या गालाला तिनं बोट लावलं आणि खोक्यांतून विहारभर आवाज आला: "तुळजा गं... माझी तुळजा."

तीनशे माणसं एका दमात गप्प झाली. कुजबुजही नाही.

त्या गप्पपणात तानाबाई शेजारी वळली. डोळ्यांतून धारा, तोंडभर हसू. "पाह्यलं? पाह्यलं का वं मनकर्णे? सुजाता म्हणली! दोनदा म्हणली!"

ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज जसा मोठा असतो तसा तिचा मोठा होता. सगळ्यांनी ऐकलं. मनकर्णाबाईनं तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि तोंड चांगलं उघडून, तिला नीट दिसेल असं म्हणाली, "हाव वं बाई. सुजाता म्हणली."

शेषराव उठले. "चाल, माणिक. हे पाह्याले आलो नाही आपण. यासाठी लाठ्या खाल्ल्या का?"

माणिकरावांनी त्यांचा हात पकडला. त्यांना आठवलं, घरोघर जाऊन ते नाव त्यांनी लोकांच्या तोंडात कसं बसवलं होतं. हसणाऱ्यांना पाच-पाच वेळा म्हणायला लावलं होतं. आणि आपल्याच पोरानं ते तोंडातून काढलं. त्यांच्या छातीत काहीतरी तुटलं, आणि ते रागाचं नव्हतं. राग आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पुढे बायकोचं डोकं दिसत होतं, पांढऱ्या पदराखाली, पडद्याकडे लागलेलं.

"बस, शेषराव," ते म्हणाले. "तिच्यासाठी बस."

शेषराव बसले. कुणीच उठलं नाही. जाहिराती लागत होत्या, साबणाच्या, मसाल्याच्या, आणि तेवढ्या वेळात तानाबाई बायांना एकेक प्रसंग समजावत होती. नाव आलं की मोजत होती. पंधरा वेळा आलं. पंधरा वेळा विहारानं तुळजा ऐकलं आणि पंधरा वेळा तिला मान डोलावली. मागे दाराशी पायल दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. धम्मशीला तिच्याजवळ गेली आणि तिचे हात खाली ओढले. "ऐक," ती म्हणाली. "तू केलं, ऐक." पण हात धरून ठेवले, सोडले नाहीत.

*

सिनेमा संपला. टाळी वाजली ती एकट्या तानाबाईची. मग तिच्या तोंडाकडे बघून बाकीच्यांनी वाजवली.

माइक माणिकरावांकडे आला. त्यांनी खिशातला कागद काढला, पाहिला, घडी घालून परत ठेवला. "मले बोलायचं नाही," एवढंच म्हणाले.

"असं कसं?" तानाबाई उठून उभी राहिली. "पुण्यानुमोदन हाये. कोणीतरी पोरीबद्दल बोललं पाह्यजे ना? चंदू! तू ये. तू बोल."

भिंतीला टेकून उभा असलेला चंद्रशेखर हलला नाही. प्रेमानंद त्याच्याजवळ येऊन म्हणाला, "जाय." आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो निघाला. माणसं पाय आखडून त्याला वाट देत होती. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सकाळी फ्लेक्सखाली उभे राहून फोटो काढलेली हीच माणसं.

माणिकरावांनी माइक त्याच्या हातात दिला. देताना हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलले.

"अकराशे भाग खोटं बोलला. आता एक शब्द खरा बोलून पाह्य."

तानाबाई त्याच्यासमोर दोन हातांवर येऊन उभी राहिली. "जास्त नको बोलू," ती म्हणाली. "तुले भरून येन. फक्त तिचं नाव घे. माह्याकडे पाहून घे. भावाच्या तोंडानं एकदा घे."

चंद्रशेखरनं माइक तोंडापाशी नेला. आईकडे पाहिलं. या वेळी धूर नव्हता. खरं सांगायचं तर आता सांगता आलं असतं, सगळ्यांसमोर, उजेडात, तिला दिसेल असं. त्यानं तोंड उघडलं. समोर तीनशे माणसं होती, ज्यांनी तासन्‌तास दुसरंच नाव ऐकलं होतं, आणि ती त्याच्या आवाजाची वाट पाहत होती.

ओठ हलले. सु. जा. ता. पण गळ्यातून आवाज निघाला नाही. खोक्यांतून नुसता श्वास आला, खरखरला आणि थांबला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ओठच हलले. विहारात कुणालाही काही ऐकू आलं नाही.

तानाबाईनं डोळे मिटले आणि उघडले.

"हाव," ती म्हणाली. "आता झालं माह्या पोरीचं."

मग ती विहाराच्या दाराशी आणून ठेवलेल्या गंजाकडे वळली. बायांनी पत्रावळी मांडल्या, द्रोण मांडले. खीर सगळ्यांनी घेतली, शेषरावांनीही.  माणिकरावांचा द्रोण त्यांच्यासमोर तसाच भरलेला राहिला, वर साय धरेपर्यंत.

चंद्रशेखर रांगेच्या शेवटी बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. तानाबाई वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली. गंजाच्या तळाची, तुपाची खीर तिनं त्याच्यासाठी मागे ठेवली होती. एक पळी घातली, मग दुसरी, मग तिसरी. द्रोणाच्या काठावरून ओघळायला लागली तरी घालत राहिली.

"खाय," ती म्हणाली. "तू शब्द राखला माहा."

आणि तो खाऊन संपवेपर्यंत ती तिथेच, त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.